कुठेही न लिहिलेला नियम



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला दुसरा गाल पुढे करायला सांगतो. हे वचन ऐकताना आपल्यातले बरेच जण मनात म्हणत असतील, 'फादर, हे प्रवचनापुरते ठीक आहे.' आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना एक सहाध्यायी नीत्शेचा आधार घेऊन म्हणत असे, की ही शिकवण दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणाला दिलेले गोंडस नाव आहे. तेव्हा वादासाठी आमच्याकडे पुस्तके होती, उदाहरण नव्हते. ते पुढे मिळाले आणि तेही खेळाच्या मैदानावर.

बेसबॉल हा अमेरिकन लोकांचा जीव की प्राण. पण १८८० च्या दशकानंतर जवळजवळ साठ वर्षे तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला जागा नव्हती. त्यांच्या लीग वेगळ्या, त्यांचा पगार कमी, आणि प्रवासात कित्येक हॉटेलांचे दार त्यांना बंद. नवल म्हणजे ही बंदी नियमांच्या पुस्तकात कुठेच लिहिलेली नव्हती. १९४२ साली बेसबॉलच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने तर जाहीरच केले, की असा नियम नाही. तो खोटे बोलत नव्हता. नियम नव्हता, फक्त तो सगळे पाळत होते.

लिहिलेला नियम खोडता येतो, त्याखाली कोणाची तरी सही असते. न लिहिलेल्या नियमाला धनी नसतो. प्रत्येक जण म्हणतो, 'माझी हरकत नाही, पण लोकांना चालणार नाही.' आणि 'लोक' म्हणजे कोण, हे विचारायला गेले तर कोणी सापडत नाही. आपली ख्रिस्तसभा ज्याला सामाजिक पाप म्हणते ते असेच असते. कबुलीसंस्काराला येऊन ते कोणी सांगत नाही.

१९४५ साली ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी हा नियम मोडायचे ठरवले. त्यांनी निवडलेला जॅकी रॉबिन्सन काही गरीब गाय नव्हता. १९४४ साली सैन्यात असताना बसच्या मागच्या बाजूला जाऊन बसण्यास त्याने नकार दिला होता. त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. अशा माणसाला रिकींनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी समोर बसवले, मैदानावर त्याला काय काय ऐकावे लागेल ते स्वतः बोलून दाखवले, आणि उलट हात न उगारण्याची हिंमत तुझ्यात आहे का, असे विचारले. त्या वेळी त्यांनी इटालियन लेखक जोव्हान्नी पापिनी यांच्या ख्रिस्तचरित्रातला, दुसऱ्या गालाविषयीच्या शिकवणीवरचा भाग त्याच्यापुढे ठेवला. रिकी आणि रॉबिन्सन दोघेही मेथडिस्ट. पुस्तक मात्र आपल्या कॅथलिक श्रद्धेकडे वळलेल्या लेखकाचे. रॉबिन्सनने शब्द दिला.

एक वर्ष माँट्रियलच्या संघात काढून १५ एप्रिल १९४७ रोजी तो डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्याआधी त्याच्याच संघातल्या काही खेळाडूंनी 'आम्हाला तो नको' असा अर्ज तयार केला होता. मॅनेजर लिओ ड्युरोशर याने मध्यरात्री सर्वांना झोपेतून उठवून बजावले, की हा अर्ज तुमच्यापाशीच ठेवा.

आता इथे आम्हा धर्मगुरूंना खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. त्याच सुमारास ब्रुकलिनच्या कॅथलिक युवा संघटनेने, मुलांना डॉजर्सचे सामने दाखवण्याच्या योजनेतून अंग काढून घेतले. कारण? याच ड्युरोशरचे घटस्फोटित नटीशी लग्न आणि त्याचे एकूण वागणे. त्याचे वागणे चांगले होते असे आम्ही म्हणत नाही. पण साठ वर्षे चाललेल्या त्या न लिहिलेल्या नियमासाठी त्या संघटनेने कधी असे पाऊल उचलले नव्हते. आणि तो मोडला जात असताना आपल्या माणसांची नजर मॅनेजरच्या संसारावर होती.

त्या हंगामात फिलाडेल्फियाच्या मॅनेजरने रॉबिन्सनला मैदानावर अशा शिव्या घातल्या, की त्या इथे छापता येणार नाहीत. रॉबिन्सनने शब्द पाळला. शेवटी त्याच्या संघातले गोरे खेळाडूच चिडून उभे राहिले. मे महिन्यात बातमी फुटली, की सेंट लुईस संघातले काही खेळाडू त्याच्याविरुद्ध खेळायला नकार देणार आहेत. खेळाडूंनी नंतर ते नाकारले. लीगच्या अध्यक्षांनी मात्र ताकीद दिली, की संप करील तो निलंबित होईल.

त्याच सेंट लुईस शहरात, त्याच वर्षी, आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी कॅथलिक शाळांतली काळ्या-गोऱ्यांची विभागणी बंद केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा शाळांविषयीचा निकाल १९५४ चा, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी आला. शेकडो कॅथलिक पालक चिडले, कोर्टात जायची भाषा करू लागले. रिटर यांनी रविवारच्या मिस्सेत वाचण्यासाठी सर्व चर्चना पत्र पाठवले: या बाबतीत बिशपांच्या अधिकाराविरुद्ध बाहेर दाद मागणारा ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होईल. पालकांनी माघार घेतली. ते पत्र वाचणाऱ्या धर्मगुरूंचे आवाज त्या सकाळी कसे झाले असतील, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. कारण समोर बसलेले लोक त्यांचेच होते.

रॉबिन्सनची गोष्ट पुष्कळदा इथेच गोड करून संपवली जाते. तसे करू नये. तो आधी ज्या कृष्णवर्णीय संघात होता, त्या संघाला रिकींनी एक पैसाही दिला नाही. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५९ साली. पहिल्या दोन वर्षांनंतर रॉबिन्सन उलट बोलू लागला, तेव्हा कालपर्यंत कौतुक करणारेच त्याला उर्मट म्हणू लागले. ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, झालेल्या जाहीर सत्कारातही त्याने विचारले, की कृष्णवर्णीय मॅनेजर कधी दिसणार? तो १९७५ च्या हंगामात आला.

दुसरा गाल पुढे करणे हा चपराक खाणाऱ्याने स्वतःहून स्वीकारायचा मार्ग आहे. 'तू गाल पुढे कर' असे त्याला सांगण्याचा हक्क शेजारी उभे राहून बघणाऱ्यांना नाही. सहाध्यायाच्या वादात आमच्या ध्यानात न आलेली गोष्ट हीच होती.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. ईस्टरनंतर आपल्या धर्मग्रामाची क्रिकेट स्पर्धा असते. गेल्या वर्षी स्पर्धेआधी एक भगिनी मिस्सा संपल्यावर आमच्याकडे आल्या. त्यांचे कुटुंब झारखंडहून आलेले, नव्या इमारतीत भाड्याने राहणारे, दर रविवारी आपल्याबरोबर कम्युनियन घेणारे. "फादर, मुलाला म्हणाले संघ भरला. आणि दुसऱ्या दिवशी आळीतल्या दोन मुलांना घेतले." आम्ही चौकशी केली. प्रत्येकाने सांगितले, की आळीबाहेरच्या मुलाला घेऊ नये असा नियम नाही. आम्ही त्या भगिनींना 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालो आणि विषय सोडून दिला. तो मुलगा वर्षभर चर्चच्या कंपाउंडमध्ये एकटाच भिंतीवर चेंडू मारताना दिसतो.

संघनिवडीची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या हॉलमध्ये आहे. आळीप्रमुख व कप्तानांनी हजर राहावे. त्या मुलाला व त्याच्या आईला आम्ही स्वतः घरी जाऊन बोलावून आलो आहोत.

– आपले प्रमुख धर्मगुरू