टिकली घरात आल्यापासून

सिंधुदुर्गातल्या आमच्या फोंडाघाटात कुत्र्याचं पिल्लू कुणाकडे मागावं लागत नाही. दिवाळी झाली की बाजारात, एसटी थांब्यामागे, घाट सुरू होतो तिथल्या टपऱ्यांखाली ती दिसायला लागतात. त्यात माद्याच जास्त, कारण नर कुणीतरी राखणीला उचलून नेलेला असतो. टिकली त्यांतलीच. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्या घरात आधीही पिल्लं वाढली आहेत आणि त्यांतलं एक पार्वो नावाच्या आजाराने गेलं आहे. त्यामुळे टिकली आली त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. तेव्हापासून आजवर जे कळत गेलं ते लिहिते आहे. तुमच्या पिल्लाने तुम्हाला आणखी काही शिकवलं असेल.

१. पिल्लाचं अंग गरमच असतं. हे माहीत असूनही पहिल्या रात्री मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि धसकले. सासूबाई उठून आल्या, त्यांनीही हात लावून पाहिला. म्हणाल्या, "अगो, कुत्र्याचा आंग गरमच आसता. खाता मा? मगे भियाचा कित्याक?" माणसाला १०१ अंश फॅरनहाइट म्हणजे ताप, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचं ते रोजचं तापमान. १०१ ते १०२.५ पर्यंत सगळं ठीक. नाक कोरडं म्हणजे आजारी, ही समजूतही धरून चालण्यासारखी नाही. झोपेतून उठलेल्या धडधाकट पिल्लाचं नाकही कोरडं असतं. आणि झोप! दिवसाचे अठरा-वीस तास पिल्लं झोपतात. एखादं पिल्लू सारखं झोपलंय एवढ्यावरून काही ठरत नाही. उठल्यावर ते काय करतं ते बघायचं. शेपूट हलवत ताटलीकडे धावतं की दोन पावलं टाकून पुन्हा बसतं? ज्या दिवशी मी हात लावून बघणं कमी करून नुसती समोर बसून बघायला लागले, त्या दिवसापासून टिकलीचा रोजचा दिवस मला ओळखीचा झाला. काही बिनसलं तर कळणार ते या ओळखीवरूनच.

२. सगळ्यात खरं काही सांगत असतील तर हिरड्या. ही तपासणी डॉक्टरांनी दाखवली, आता ती माझ्या सकाळच्या कामांतलीच एक झाली आहे. वरचा ओठ हलकेच उचलायचा, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. टिकली आली तेव्हा हिरड्या फिकट होत्या आणि पोट मात्र टम्म. बघणारे म्हणत, "बरी गुटगुटीत आसा." तो गुटगुटीतपणा जंतांचा होता. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच मिळतात, आकडेजंत दुधातूनही येतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून जंताचं औषध जन्मल्यापासून दुसऱ्या आठवड्यातच सुरू करतात आणि पहिले काही महिने पुन्हा पुन्हा देतात. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाला ते कोण देणार? औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी पडवीच्या लादीवर शेवयांसारखा पुंजका पडला होता. तो उचलताना पहिल्यांदा डोक्यात आलं की हा खळ्यात, म्हणजे अंगणात, पडला असता तर? तिथे वाडीतली पोरं अनवाणी खेळतात. कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत गेलेल्या आकडेजंताच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात. टिकलीचं पोट हा तिचा एकटीचा प्रश्न नव्हता. पुढे प्रत्येक बाबतीत हेच दिसत गेलं.

३. पहिला आठवडा नीट गेला म्हणून पिल्लू वाचलं असं होत नाही. याचं कारण पार्वो. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे आणलेलं पिल्लू हसतं-खेळतं असताना आजार आधीच आत असू शकतो. आमचं आधीचं पिल्लू असंच होतं. एका सकाळी त्याने पेज हुंगली आणि तोंड फिरवलं. दुपारी ओकलं. रात्री रक्ताचे जुलाब, आणि तो वास. एकदा घेतला की विसरता येत नाही. सलाइन लावली, इंजेक्शनं दिली, जे करायचं ते सगळं झालं. विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि त्याच वेळी हाडांच्या मज्जेवर हल्ला करून रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाडतो. झुंजायला लागणारं बळच तो आधी काढून घेतो. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक पिल्लं वाचतात. आमचं वाचलं नाही.

हा आजार पुरातन नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं. १९७८ च्या सुमारास तो जगासमोर आला. मांजरांच्या एका जुन्या आजाराच्या विषाणूचा हा जवळचा नातलग. कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध काही नव्हतं, त्यामुळे एक-दोन वर्षांत तो खंडाखंडांतून फिरला. सासूबाईंच्या लहानपणी पिल्लं मरत होती ती दुसऱ्या कशाने. हे दुखणं त्यांच्या आठवणीत नाही ते याचमुळे.

टिकली आल्यावर मला खरी भीती होती ती खळ्याची. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. फिनाइलचा त्याच्यावर भरवसा नाही. ब्लीच चालतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. लादीला हे जमतं. शेणाने सारवलेल्या खळ्याला ब्लीच कसं लावणार? म्हणून लशी पूर्ण होईपर्यंत टिकलीला खळं बंद. पडवीची लादी आणि घराच्या आतलं एवढंच तिचं जग. बाहेरून आलेल्याने चपला पायरीखाली काढायच्या आणि पाय धुऊन वर यायचं. पाहुण्यांना हे विचित्र वाटायचं. मी सांगत राहिले. काहींनी ऐकून स्वतःच्या घरी तसंच सुरू केलं.

४. एक लस म्हणजे लस झाली, असं नसतं. हे मला फार उशिरापर्यंत कुणी नीट समजावलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधातून पिल्लाला तयार संरक्षण मिळतं. ते काही आठवडे टिकतं आणि टिकेपर्यंत लशीलाही निकामी करतं. कुठल्या पिल्लाचं ते कधी संपेल सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. मधला जो काळ असतो, आईचं संरक्षण ओसरलेलं आणि लशीचं अजून जमलेलं नाही असा, त्यातच पिल्लं जातात. टिकलीला कणकवलीला न्यायचे ती याच हिशेबाने, मांडीवर पिशवीत घेऊन. दवाखान्यात तिला खाली उतरवलं नाही; आजारी पिल्लं तिथेच तर येतात. आणि विचारून घेतलं की लाइट जाते तेव्हा लशी कुठे ठेवता. २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली नाही तर लस ही नुसती सुई. कोकणातल्या पावसात वीज किती वेळा जाते हे डॉक्टरांनाही माहीत आहे. त्यांनी बर्फाचा डबा उघडून दाखवला.

५. गाईचं दूध पिल्लाला मानवतंच असं नाही. कुत्रीचं दूध जास्त घट्ट असतं, त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं पुष्कळ, दुधातली साखर कमी. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि मग पार्वोच आला म्हणून घर हवालदिल. टिकलीला मऊ भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाची कोंबडी, काटे काढलेला मासा. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

६. गोचीड कुत्र्यावर कमी आणि घरात जास्त असते. अंगावर दिसते ती जेवायला आलेली. बाकीची भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या फटीत, दगडी चौथऱ्याच्या सांध्यात. एक मादी हजारोंनी अंडी घालते. या गोचिडींमुळे होणारा ताप आमच्याकडे पार्वोइतकाच घातकी: हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कधी नाकातून रक्त येतं. गावात यावर रॉकेल चोळायची, गोठ्यासाठी आणलेलं औषध कुत्र्याला लावायची पद्धत आहे. लहान पिल्लाच्या अंगात ते कातडीतून उतरतं आणि गोचिडीआधी पिल्लूच मरू शकतं. वयाला आणि वजनाला चालेल तेच औषध डॉक्टरांकडून घ्यावं. तोवर चिमटा. गोचीड कातडीजवळ धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही. कानाच्या आतली घडी, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ या जागा रोज बघायच्या. संध्याकाळी दिव्याखाली टिकली पाठीवर पडून एकेक पाय पुढे करते. सासूबाईंनी भिंतीच्या भेगा लिंपून चुना फिरवला, त्याचा उपयोग चिमट्यापेक्षा जास्त झाला.

७. आमच्या डोक्यावर घाट आहे आणि घाटावर जंगल. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, महाराष्ट्रातलं पहिलं. ते गव्यांसाठी झालं, पण बिबट्या तिथला आणि आमचाही. "रातचा भायर ठेव नको गो तेका," हे सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये छापून आला. बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. ते वाचल्यापासून बांधून ठेवलेल्या राखणीच्या कुत्र्याकडे मला बघवत नाही. साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही. टिकली दिवेलागणीला आत येते.

८. दुधाचे दात सगळ्यात तीक्ष्ण. भाच्याच्या मनगटावर टिकलीचा दात लागला, जेमतेम रक्त आलं. तिला रेबीजची लस द्यायचं वय अजून झालं नव्हतं. ती तीन महिन्यांनी देतात आणि वर्षाने पुन्हा. तिची आई रस्त्यावरची. पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि लक्षणं दिसल्यावर त्यातून जवळपास कुणीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि त्याला आरोग्य केंद्रात नेलं. त्याच दिवशी पहिली, मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा सुया ठरल्या. "एवढ्याशा पिल्लासाठी?" असं तिथे रांगेतल्या एका काकांनी विचारलं. हो, एवढ्याशासाठीच. पाश्चरने तयार केलेली रेबीजची लस १८८५ च्या जुलैमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला टोचली गेली. एवढी वर्षं जे औषध हाताशी आहे, ते घेतलं नाही म्हणून आपल्याकडे अजून माणसं मरतात, याचा मला राग येतो.

आणि हे थांबवता येतं. आमच्यापासून महामार्गाने काही तासांवर गोवा आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत जाऊन पोरांना शिकवलं, संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की तीन वर्षांत गोव्यात एकही माणूस रेबीजने दगावला नाही. विषाणूला गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका कळत नाही. गोव्यात जमतं ते सिंधुदुर्गात का जमू नये? आम्ही वाडीपुरतं सुरू केलं आहे: कुणाच्या दारात कोणतं कुत्रं जेवतं याची वही केली, आणि टिकलीच्या लशीच्या दिवशी गाडीत आणखी तीन कुत्री बसवून नेली. त्यांतली दोन कुणाचीच नव्हती.

९. मादी पिल्लं टाकली जातात, त्याचं मूळ भाद्रपदात आहे. तेव्हा माज येतो, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास गर्भ राहतो, आणि थंडी पडता पडता एकेका कुत्रीला चार-सहा पिल्लं. थंडी, पार्वो, गाड्यांची चाकं यांतून त्यांतली थोडीच उरतात. मी टिकलीसाठी जागी राहिले, पण तिच्यासोबतच्या बाकीच्यांसाठी कोण जागं होतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांवर सोपवलं आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, वहीची प्रत जोडून. त्यांचं होईल तेव्हा होईल. टिकलीचं ऑपरेशन सहा महिने झाल्यावर आम्ही करून घेणार. तिची आईही सापडली आहे, बाजारात चहाच्या टपरीमागे असते, कपाळावर तसाच ठिपका. तिलाही न्यायचं ठरलं आहे; खर्च टपरीवाला आणि आम्ही निम्मा निम्मा. अडचण एवढीच की ती बिस्किट हातातून घेते, पण मानेला हात लागला की पळते. टपरीवाल्याची मुलगी रोज सकाळी तिच्याशेजारी बसते आहे. काल तिने पाठीवर हात ठेवू दिला म्हणे.