हिरवळीची ऋतुमानाप्रमाणे निगा व तिच्या मक्त्याचा करार

ज्या हरळीस आपण जन्मभर शेतातून उपटून बांधावर टाकीत आलो, तीच हरळी हल्ली लोक पैसे देऊन अंगणात लावून घेतात, हे पाहून पुष्कळ शेतकरी बंधूंस हसू येते. परंतु हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट राहिलेली नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले व १९९५ साली तेथे व्याघ्रप्रकल्प आला. तेव्हापासून मोहर्लीच्या बाजूस पाहुण्यांच्या निवासांची संख्या वाढत गेली. चंद्रपूर–बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणींच्या व कारखान्यांच्या वसाहती आहेत. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर तेथेही कचेऱ्या उभ्या राहिल्या व २०११ साली गोंडवाना विद्यापीठ निघाले. अशा ठिकाणी हिरवळ राखण्याचे काम वर्षाच्या मक्त्याने देण्याचा प्रघात पडला असून, गवताची माहिती असलेला शेतकरी हे काम जोडधंदा म्हणून करू शकतो. मात्र ते समजून न घेतल्यास नुकसान कसे होते, हे आम्ही आमच्याच घरी पाहिले आहे.

आमच्या एका भाच्याने २० गुंठे हिरवळीचा मक्ता बारा महिन्यांच्या सारख्या दराने घेतला. पावसाळा व हिवाळा ठीक गेला. चैत्रात तेथील विंधनविहीर आटली आणि पाणी कोणी पुरवावयाचे याविषयी करारात एक अक्षरही नव्हते. हिरवळ पिवळी पडली म्हणून दोन महिन्यांची रक्कम कापली गेली, व मजुरांचे देणे भागविण्यास त्याला एक बैलजोडी विकावी लागली. त्या करारावर साक्षीदार म्हणून सही आमची होती. महसूल खात्यात उभा जन्म कागद वाचण्यात घालविलेल्या मनुष्याने तो कागद नीट वाचला नाही, हा दोष आमचा. सबब हा लेख.

हिरवळीची मूळ चाल विलायतेची. तेथे बारमाही भुरभुर पाऊस पडतो व उन्हाळा सौम्य असतो, त्यामुळे गवत बहुतेक वर्षभर आपोआप हिरवे राहते. लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचून एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली गवत कापण्याचे यंत्र काढले, आणि तेव्हापासून ही हौस सामान्य घरांतही शिरली. आपल्याकडे साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्यातील बहुतेक चार महिन्यांत. आणि वैशाखात पारा ४६ अंशांवर चढतो. म्हणून तिकडील रीत इकडे जशीच्या तशी चालत नाही. आपल्या हवेस हरळी हीच योग्य. ती उष्ण ऋतूत वाढते, थंडीत मंदावते, व पाणी तुटले असता वरून वाळली तरी जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून राहते. शेतात जो तिचा दुर्गुण, तोच येथे गुण होय. मात्र तिला ऊन पाहिजे. आंब्याच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत ती टिकत नाही, तेथे लावण्याचा आग्रह धरू नये.

जमिनीची तयारी.— हे काम उन्हाळ्यात करावे. जमीन वीतभर खोल खणून वैशाखाच्या उन्हात तापू द्यावी. नंतर एकदा पाणी देऊन तण उगवू द्यावे व ते गाठींसह खणून काढावे. लव्हाळा नुसता वरून उपटल्यास त्याच्या गाठी खाली राहतात व पुन्हा फुटतात. हिरवळीत एकदा तो शिरला म्हणजे वर्षानुवर्षे निंदण करावे लागते. कन्हार जमिनीत पाणी साचते, म्हणून तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि १०० फुटांस १ ते २ फूट उतार ठेवावा. रेताड जमिनीत शेणखताबरोबर तलावाचा गाळ थोडा मिसळल्यास ओल टिकते. उधळी व हुमणी यांचा उपद्रव कच्च्या शेणखताने वाढतो, करिता खत पूर्ण कुजलेलेच असावे.

पावसाळा.— मृगाचा पाऊस चांगला पडल्यावर हरळीच्या कांड्या ४ ते ६ इंचांवर टोकाव्या. कापणीचा नियम एकच ध्यानात ठेवावा : एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. हिरवळ ३ सेंटिमीटर राखावयाची असेल, तर ती साडेचार सेंटिमीटर होताच यंत्र फिरवावे. वाढ फार होऊ देऊन एकदम बुडाशी कापल्यास पाने जातात, मुळांस पोसणारे काही उरत नाही, व मोकळ्या जागेत तण शिरते. आषाढ–श्रावणात दर ७–८ दिवसांनी कापणी येते. भिजलेल्या गवतावर यंत्र चालवू नये. जमीन दबते व पाती फाटतात. पावसाची उघडीप पाहून, जमिनीत ओल असताना, गुंठ्यास १ किलो युरिया श्रावणात एकदा फेकावा व लागलीच हलके पाणी द्यावे. कापलेले गवत खतखड्ड्यात घालावे. तणनाशक मारलेल्या हिरवळीचे गवत गुरांस कदापि घालू नये.

येथे धानपट्ट्यातील बंधूंस एक इशारा. हिरवळीची वाढ जेव्हा सर्वांत जोरात, नेमकी तेव्हाच आपली रोवणी असते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या बाजूस त्या दिवसांत मजूर मिळत नाही, व बांधीतील चिखल सोडून कोणी गवत कापावयास येत नाही. ज्याच्या घरी आषाढ–श्रावणात एक माणूस मोकळा नाही, त्याने हा मक्ता घेऊ नये.

हिवाळा.— आश्विन–कार्तिकात कापणी १२ ते १५ दिवसांनी येते, मार्गशीर्ष–पौषात महिन्यातून एकदा पुरते. रात्री थंड होऊ लागल्या म्हणजे हरळी फिकी पडते. हा रोग नव्हे. त्या वेळी नत्रखत देऊन तिला जबरदस्तीने हिरवी करू पाहणे म्हणजे खत व पैसा दोन्ही वाया घालविणे होय. हे दिवस तण काढण्यास, खळगे गाळ-वाळूने भरण्यास व यंत्राच्या पात्यांस धार लावून घेण्यास वापरावे.

उन्हाळा.— मक्त्याचा नफातोटा येथेच ठरतो. भर उन्हाळ्यात हिरवीगार हिरवळ दररोज सुमारे ६ मिलिमीटर पाणी उडविते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठ्याचे चौरस मीटर १०१. म्हणजे गुंठ्यास दररोज सुमारे ६०० लिटर पाणी लागले. उन्हाळ्यात मोठा बैल दिवसास ५० लिटर पाणी पितो असे धरल्यास, एक गुंठा हिरवळ बारा बैलांचे पाणी पिते. आमच्या भाच्याच्या २० गुंठ्यांस दररोज १२,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे जवळजवळ अडीच टँकर लागत होते. हा हिशेब करार करण्यापूर्वी अर्ध्या तासात झाला असता.

यावर उपाय असा की, उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवण्याचा नव्हे, तर जिवंत ठेवण्याचा करार करावा. चांगली रुजलेली हरळी दर १० दिवसांनी गुंठ्यास १,००० ते १,२०० लिटर पाणी एकदम खोलवर दिल्यास पिवळी पडेल, पण मरणार नाही. मृगाच्या पावसाने ती पुन्हा फुटेल. असे केल्याने पाणी पाचव्या हिश्श्यावर येते. या दिवसांत उंची ५ सेंटिमीटर ठेवावी, व पाणी सकाळी लवकर द्यावे. ज्या गावी बायामाणसांस हंड्यासाठी रांगेत उभे राहावे लागते, तेथे दुसरा कोणताही विचार करणे आम्हांस उचित वाटत नाही.

रानालगतच्या गावी आणखी एक गोष्ट आहे. सभोवती सर्व वाळलेले असता एकाच जागी कोवळे गवत व पाणी असेल, तर चितळे व रानडुकरे तिकडे वळतात, आणि त्यांच्यामागे बिबट किंवा वाघही येऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी हिरवळीस कुंपण असावे, पाणी साचू देऊ नये, व अंधार असता मजुरांस पाणी देण्यास पाठवू नये.

कराराची कलमे.— मक्ता घेणाराने पुढील गोष्टी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

१. हिरवळीचे क्षेत्र उभयतांसमक्ष फीत लावून मोजावे. वाटा व फुलांचे वाफे वजा करून नकाशा करारास जोडावा.

२. पाणी कोणी, कोठून व किती पुरवावयाचे. ते तुटल्यास जबाबदारी कोणाची.

३. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी हवी की जिवंत हवी, हे स्पष्ट शब्दांत.

४. मोबदला सारखा मासिक न ठेवता ऋतुवार व कापण्यांच्या संख्येवर. यंत्र, तेल व खत कोणाचे तेही.

५. लग्नाचा वा सभेचा मंडप घातल्याने, अथवा रानडुकरांनी उकरल्याने झालेली हानी मक्तेदाराकडे नाही.

६. यंत्रावर काम करणाऱ्या मजुरास इजा झाल्यास औषधोपचाराचा खर्च कोणी सोसावयाचा.

७. झालेल्या कामाची दरमहा वहीत नोंद व तीवर दोघांच्या सह्या. रक्कम देण्याची तारीख ठरलेली.

आमच्या भाच्याने पुढील वर्षी ७ गुंठ्यांचा दुसरा मक्ता या कलमांवर घेतला. त्या वैशाखात ती हिरवळ पिवळी पडली, परंतु वही दाखविताच कोणी एक पैसाही कापला नाही, आणि मृगानंतर पंधरा दिवसांत तिने सर्व जमीन झाकली. गेलेली बैलजोडी काही परत आली नाही. आपल्या गोठ्यातील बैल राखून ज्यांस हा धंदा करावयाचा असेल, त्यांनी प्रथम पाण्याचा हिशेब करावा, मग करार वाचावा, आणि मगच यंत्र विकत घ्यावे, इतकीच विनंती.