दर्शनानंतरचे दर्शन : वेरूळची लेणी कशी पाहावीत?

श्रीक्षेत्र वेरूळ येथे श्रीघृष्णेश्वराच्या दर्शनास येणारा भाविक बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे दर्शन घेऊन कृतार्थ होतो. मंदिरापासून हाकेच्या अंतरावर वेरूळची जगप्रसिद्ध लेणी आहेत. दर्शन आटोपून, प्रसाद घेऊन, परतीच्या गाडीला अजून तासभर अवकाश आहे म्हणून बहुतेक यात्रेकरू लेण्यांकडे वळतात. कैलास लेण्यात शिरावे, हत्तीपाशी उभे राहून छायाचित्र काढावे, ‘केवढे मोठे आहे!’ असे म्हणावे आणि परतावे, असाच सर्वसाधारण क्रम असतो. ज्या कामासाठी पिढ्यानुपिढ्या छिन्नी चालली, त्याच्या वाट्याला अशा रीतीने वीस मिनिटे येतात. लेणी ही देवदर्शनानंतरची करमणूक नसून त्याच दर्शनाचा पुढील अध्याय आहे, हे ध्यानी यावे आणि त्यानुसार लेणीभ्रमणाचे नियोजन करता यावे, यासाठी ही माहिती देण्यात येत आहे.

लेण्यांचा परिचय

छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. प्राचीन लेखांत या स्थानाचा उल्लेख एलापूर असा येतो. येथील पश्चिमाभिमुख डोंगराच्या काळ्या पाषाणात सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात दक्षिणोत्तर लेण्यांची रांग आहे. क्रमांक दिलेली प्रमुख लेणी ३४ असून त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. स्थूलमानाने इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांत ही निर्मिती झाली. १९८३ साली युनेस्कोने वेरूळचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे.

क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत; ते कालक्रमाने नाहीत. रामेश्वर (क्र. २१) आणि धुमार लेणे (क्र. २९) ही शैव लेणी येथील आरंभीच्या कामांत मोडतात. ‘आधी एक धर्म आला, मग त्याला हटवून दुसरा आला’ अशी सरळ कथा येथे सांगता येत नाही. एकाच डोंगराच्या अंगावर तीन परंपरांची उपासनास्थाने शेजारी शेजारी नांदली, हेच या क्षेत्राचे खरे वैशिष्ट्य होय. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या वेरूळ येथील वास्तव्याच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त आलेल्या आहेत. साधकांना हा डोंगर पुढेही आपलासा वाटत राहिला, याची ती साक्ष आहे.

निघण्यापूर्वी

लेणी मंगळवारी बंद असतात. मंदिर मात्र खुले असते. दोन्ही दर्शने एकाच दिवशी व्हावीत अशी इच्छा असणाऱ्यांनी वार पाहूनच यात्रेचा बेत आखावा. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरचा तिरपा प्रकाश शिल्पांवर उत्तम पडतो. म्हणून सकाळी श्रींचे दर्शन, मध्यान्ही विश्रांती व त्यानंतर लेणी, असा क्रम सोयीचा ठरतो. उन्हाळ्यात पाषाण फार तापतो. वृद्धांनी व बालकांनी पाणी, टोपी व साधी पादत्राणे बरोबर ठेवावीत. दोन मजली व तीन मजली लेण्यांचे जिने उंच पायऱ्यांचे आहेत. ज्यांना ते चढणे शक्य नाही, त्यांनी कैलासाच्या तळातील प्रांगण शांतपणे पाहिले तरी पुष्कळ साध्य होते.

मार्गदर्शक घ्यावयाचा असल्यास ओळखपत्र असलेला मान्यताप्राप्त मार्गदर्शक घ्यावा. मानधन, भाषा आणि किती लेणी दाखविणार, या तिन्ही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. चांगला मार्गदर्शक माहिती सांगतो आणि मध्येच थांबतोही. पाहणाऱ्याला पाहू देतो. यात्रेकरूनेही त्याला घाई करू नये. त्याचप्रमाणे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचे तीन भाग मनाशी करावेत : शिलालेखांवरून व ताम्रपटांवरून कळते ते, अभ्यासकांनी शैलीवरून अनुमानिलेले ते, आणि लोकांनी श्रद्धेने जपलेली कथा. तिन्हींना आपापले मोल आहे. मात्र एकाच्या जागी दुसरे ठेवले की भक्ती आणि ज्ञान या दोहोंची हानी होते.

कैलास : वरून खाली उतरलेले मंदिर

क्रमांक १६ चे कैलास लेणे हे वस्तुतः लेणे नसून एकाच खडकातून कोरलेले पूर्ण मंदिर आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, या कार्यास राजाश्रय होता. कर्कराजाच्या बडोदे येथील इ.स. ८१२-१३ च्या ताम्रपटात कृष्णराजाच्या एलापूर येथील मंदिराचे वर्णन आहे. ते मंदिर पाहून देव विस्मित झाले आणि आपल्या हातून हे घडले कसे, असे खुद्द शिल्पकारालाही वाटले, असा त्याचा आशय आहे. शेजारच्या दशावतार लेण्यात (क्र. १५) कृष्णाच्या आधीचा राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे.

प्रथम डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खोदून मधला प्रचंड खडक सुटा करण्यात आला. मग शिखरापासून आरंभ करून काम खाली खाली नेण्यात आले. प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील कडा सुमारे १०७ फूट उंच आहे. मंदिराची उंची सुमारे ९६ फूट भरते. बांधलेल्या मंदिरात दगड चुकला तर तो काढून दुसरा बसविता येतो. येथे तशी सोय नव्हती. जे ठेवावयाचे ते आधीच मनात स्पष्ट असले पाहिजे, कारण एकदा उडालेला कपचा पुन्हा जोडता येत नाही. हत्तीची सोंड, खांबाची नक्षी, देवतेचे बोट, हे सारे बाहेरून आणलेले नाही. ते खडकात होते; भोवतीचे अनावश्यक तेवढे दूर केले गेले.

या अद्भुताची एक लोककथा ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात आली आहे. एलापूरचा राजा व्याधिग्रस्त झाला. राणीने श्रीघृष्णेश्वरास नवस केला की, राजा बरा झाल्यास मंदिर उभारीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. परंतु शिखर दिसावयास महिनोन् महिने लागतील, असे सर्व स्थपतींनी सांगितले. तेव्हा कोकसा नावाच्या स्थपतीने मंदिर वरून कोरावयास घेतले आणि आठवड्याच्या आत राणीला शिखर दाखविले. राणीच्या नावावरून मंदिरास माणिकेश्वर म्हटले गेले. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणून ऐकावी. मंदिर वरून खाली उतरले ही गोष्ट लोकस्मृतीने शतकानुशतके नेमकी जपली, आणि तिची गाठ श्रीघृष्णेश्वराच्या नवसाशी घातली, हे भाविकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

प्रदक्षिणेच्या क्रमाने कैलास

प्रवेशद्वारातून आत जाताच समोर गजलक्ष्मी दिसते. कमळांच्या सरोवरात बसलेल्या देवीवर हत्ती जलाभिषेक करीत आहेत. येथून मंदिर उजव्या हातास ठेवून, म्हणजे डावीकडून, निघावे. त्यामुळे पाहणे आणि प्रदक्षिणा ही दोन्ही एकदमच घडतात.

उत्तरेच्या बाजूस गंगा, यमुना व सरस्वती या नद्यांचे छोटे मंदिर आहे. दोन्ही बाजूंच्या प्रांगणांत एकेक हत्ती व एकेक उंच ध्वजस्तंभ आहे. पुढे मंदिराच्या उत्तर भिंतीवर महाभारतातील व कृष्णचरित्रातील प्रसंग पट्ट्यांमध्ये कोरलेले आहेत. ज्या काळी पोथी सर्वांच्या हाती नव्हती, त्या काळी ही भिंत हीच पोथी होती. बालकांना येथे थांबवून एकेक प्रसंग ओळखावयास सांगावा. घरी ऐकलेली कथा दगडात सापडल्याचा आनंद त्यांना दीर्घकाळ पुरतो. मंदिराचा चौथरा हत्तींच्या रांगेने पेललेला आहे. मागील बाजूस कड्यात कोरलेल्या ओवऱ्यांमधून शिवाच्या व विष्णूच्या अनेक कथांची मोठी शिल्पे आहेत.

दक्षिणेकडे वळल्यावर रावणाने कैलास हालविल्याचा प्रसंग पाहावा. खाली अंधारात वीस हातांचा रावण सर्व शक्तीनिशी पर्वत उचलतो आहे. वर पार्वती भयाने शिवाला बिलगली आहे, सखी पळू लागली आहे, आणि शिव मात्र शांत आहेत. केवळ पायाच्या दाबाने ते पर्वत स्थिर करतात. बलाचा गर्व आणि शांतीचे सामर्थ्य यांतील भेद एकही शब्द न उच्चारता येथे सांगितला आहे. याच बाजूस रामायणाची भिंत आहे.

यानंतर जिन्याने वर नंदीमंडपात व सोळा खांबांच्या सभामंडपात जावे. छतावर नटराज आहे, काही ठिकाणी जुन्या रंगाचे अवशेष आहेत. गर्भगृहात शिवलिंग आहे. बाहेरच्या गच्चीवर विमानाभोवती पाच लहान देवालये आहेत. शेवटी, जेथून जाण्यास मुभा असेल अशाच वाटेने डोंगरावरून हे मंदिर पाहावे. सभामंडपाच्या छतावरील कमळ व त्याभोवतीचे चार सिंह तेथूनच नीट दिसतात. कारागीर ज्या बाजूने आत उतरले, तीच ही बाजू होय.

अन्य लेणी

अवकाश असल्यास आणखी तीन लेणी अवश्य पाहावीत. क्रमांक १० चे विश्वकर्मा लेणे हे चैत्यगृह आहे. लाकडी छताच्या वाशांचा आभास दगडात निर्माण केल्यामुळे त्यास ‘सुतार-झोपडी’ असेही म्हणतात. स्तूपासमोर बसलेल्या बुद्धमूर्तीपुढे क्षणभर मौन पाळावे. क्रमांक २१ च्या दर्शनी भागावर मकरवाहिनी गंगेची मूर्ती आहे. तिच्या उभे राहण्यातील लय विसरता येत नाही. क्रमांक ३२ च्या जैन लेण्यातील आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका आणि छतातील कमळ ही सूक्ष्म कोरीवकामाची उत्तम उदाहरणे होत. जैन लेण्यांजवळील डोंगरावर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती असून तिच्यावरील लेखात शके ११५६ (इ.स. १२३४-३५) हा काळ व चक्रेश्वर या दात्याचे नाव आहे. दिलेले दान पावतीच्या कागदापेक्षा कितीतरी अधिक काळ कसे टिकते, हे दानशूर भाविकांनी तेथे पाहावे.

भग्न मूर्तीपुढे कसे उभे राहावे?

लेण्यांत वारंवार दिसणारे एक दृश्य असे की, श्रद्धाळू माता गजलक्ष्मीस हळदकुंकू लावावयास जाते आणि पहारेकरी तिला अडवितो. तिला वाईट वाटते. देवीला कुंकू लावू नये, असे कोणी म्हणावे तरी कसे? तिचा भाव खरा आहे. पहारेकऱ्याचे म्हणणेही खरे आहे. हळद, कुंकू, तेल, पाणी यांनी पाषाणाची हानी होते. जुन्या रंगाचे उरलेसुरले कण हाताच्या घामानेही नष्ट होतात. एका हाताने काही बिघडत नाही, असे प्रत्येकास वाटते. परंतु येथे येणारे हात लक्षावधी आहेत.

अनेक मूर्ती भग्न आहेत. भग्न मूर्तीची नित्यपूजा करू नये, असा आपल्याकडील संकेत आहे. परंतु पूजा थांबली म्हणजे देवत्व संपले, असा त्याचा अर्थ नव्हे. अशा मूर्तीची सेवा म्हणजे ती आहे तशी पुढील पिढीच्या डोळ्यांपर्यंत पोचविणे. ‘दर्शन’ या शब्दाचा अर्थच पाहणे असा आहे. श्रीघृष्णेश्वरापाशी भाविक जल व बेलपत्र अर्पण करतो. कैलासात त्याने आपले लक्ष अर्पण करावे. तेथे हात जोडावेत, पण लावू नयेत. नाव कोरू नये, मूर्तीवर चढू नये, नाणे वाहू नये, उच्च स्वरात बोलू नये.

श्रीघृष्णेश्वराचे मंदिरही असेच जपणाऱ्या हातांमुळे उभे आहे. वेरूळचे मालोजीराजे भोसले यांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि पुढे अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी ते पुन्हा उभारले. पडलेले मंदिर असे पुन्हा बांधता येते. कैलास मात्र पुन्हा कोरता येणार नाही, कारण तो खडक एकदाच होता. म्हणून प्रत्येक यात्रेकरू हा या लेण्यांचा प्रेक्षक आहे, तसाच राखणदारही आहे. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी कुटुंबातील प्रत्येकाने आज पाहिलेल्या एका तरी शिल्पाचे नाव व कथा सांगावी. जी गोष्ट सांगता येते तीच खऱ्या अर्थाने पाहिलेली असते, आणि जी मनापासून पाहिली जाते तिचेच जतन होते.

॥ श्रीघृष्णेश्वरार्पणमस्तु ॥