अण्णांचं व्हायकाउंट

मावशीचा फोन रात्री आला आणि सकाळी जेऊरच्या मामांनी आंतरदेशीय पत्र लिहायला घेतलं. भाच्यानं अण्णांचं खेळण्यातलं विमान पुण्याला नेलं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तो ते कॉस्टिक सोड्यात बुडवून, रंग उतरवून नवंकोरं करणार, असं मावशीकडून कळलं आणि समोरचा चहा गार झाला. पत्राचं पहिलंच वाक्य : ‘सोड्याचा डबा आधी लांब ठेव, मग पुढचं वाच.’

धास्ती उगाच नव्हती. हे विमान पत्र्याचं नाही. चुंबक चिकटत नाही. ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम आहे, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम. सोडा रंग काढतो आणि लगेच हे दोन्ही धातू खायला लागतो.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं ‘डिंकी टॉइज’ नावानं १९३४ पासून विमानं काढली. व्हायकाउंट आलं १९५६ च्या सुमारास. इंडियन एअरलाइन्सनं १९५७ मध्ये खरी व्हायकाउंट प्रवासी विमानं उडवायला घेतली, म्हणून अण्णांना खेळण्यातलंही घरचंच वाटायचं. मामांनी भाच्याला बजावलं, की आधी पंखाखालची उठावाची अक्षरं भिंगातून वाच. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी’ खेळणी निघाली; तेव्हा नुसत्या आकारावर जाऊ नये. मग पंखावरचा नोंदणी क्रमांक. ‘जी-एओजेए’ असेल तर ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं, ‘एफ-बीजीएनएल’ असेल तर एअर फ्रान्सचं. ही अक्षरं रंगावर चिकटवलेली असतात. ‘सोड्यात टाकलंस, की विमानाचं नावगाव गेलं. कळतंय का?’

पुढचं पान धातूच्या रोगाचं. जस्तात शिशाची भेसळ राहिली तर ओतकाम आतूनच तडकतं. दमट हवेत लवकर. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यातल्या विमानांना हे फार. पंख फुगतो, वाकतो आणि एक दिवस बोटांत चुरा येतो. त्यावर औषध नाही; कोरड्या जागी ठेवणं एवढंच हातात. व्हायकाउंट युद्धानंतरचं, तरी भेगा बघून घे, असं लिहून मामा पुन्हा सोड्यावर आले.

आणि मग अक्षर जरा वाकडं झालं. या विमानाला जोड होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ती कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. बारा वर्षांच्या मामांनी ती काचकागदानं घासली आणि फाटकाचा उरलेला चांदीचा रंग फासला. खिडक्या बुजल्या, पंखे जाम झाले. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त उरलेलं हे विमान माळ्यावर गेलं. ‘दोन फटके दिले असते तर बरं झालं असतं.’

त्यानंतरचा सूर वेगळाच. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, मऊ ब्रश, चिकटचित्रांना धक्का नाही, लगेच टिपून घ्यायचं. रंग उडाला असेल तर उडालेलाच राहू दे. कोरडं घासू नकोस. जुन्या रंगात शिसं असतं, तुझी छाती लहानपणापासून नाजूक. वाफ घेतोस का? डबा वेळेवर खातोस का?

कडेला, जागा संपत आल्यावर, बारीक अक्षरात : ‘दिवाळीला विमान घेऊन ये. सुटलेला पंखा असेल तर काडेपेटीत कापूस घालून आण. गाडी कितीही वाजता येवो, मी जेऊर स्टेशनवर असेन.’