फुकटची राख, शेतीचा हिशेब

सोयाबीन, तूर, हरभरा पिकला तरच आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापडाला गिऱ्हाईक असते. म्हणून शेजारच्या पारस वीज केंद्रासारख्या ठिकाणच्या कोळशाच्या राखेचा हिशेब आम्ही मांडतो.

जमा : राखेत पोटॅश, चुना, गंधक, बोरॉन असते, चिकट काळी जमीन मोकळी होते. नत्र जवळजवळ नसते, पण ती उणीव द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी भरून काढतात.

नावे : राख बहुधा अल्कधर्मी. शेगाव, संग्रामपूरच्या खारपाण पट्ट्यात जमीन आधीच तशी. राख जास्त झाली की क्षार व बोरॉन वाढून पाने करपतात, गाठी कमी धरतात.

२०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेतही माती तपासूनच मर्यादित वापरास मुभा आहे. तेव्हा आधी माती व राख तपासा, मग एका पट्ट्यात शेणखतासोबत टाकून पाहा.