दूध तुटलेल्या पिल्लांना कोंडा द्यावा का?

प्रश्न : कुडाळजवळ आमचे छोटे वराहपालन आहे. आईपासून पिल्ले तोडली की आठवड्याभरात हगवण सुरू होते. पशुवैद्यक म्हणतात, पिल्लांच्या खाद्यात चोथा कमी ठेवा. भाऊ म्हणतो, युरोपात हगवण थांबवायला मुद्दाम कोंडा घालतात. माणसांनाही डॉक्टर कोंड्यासकट पीठ खा म्हणतात. मग खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही खरे आहे. दोघे वेगवेगळ्या प्रकारच्या चोथ्याबद्दल बोलत आहेत, एवढेच. पण कोंड्याकडे वळण्याआधी हगवण का लागते ते पाहू. तिचा दोष पुष्कळदा चोथ्यावर जातो आणि खरा कारणीभूत घटक बाजूलाच राहतो.

रानडुकराच्या पिल्लाचे दूध हळूहळू, काही महिन्यांत सुटते. शेडवर ते एका दिवसात तुटते. दुधातल्या साखरेपासून पिल्लाच्या जठरात लॅक्टिक आम्ल तयार होत असते आणि त्या आंबटपणामुळे जंतूंना आळा बसतो. दूध बंद होताच ही सोय जाते. जठराचे स्वतःचे आम्ल अजून अपुरे असते. नवे खाद्य ओळखीचे नसल्याने पहिले एक-दोन दिवस पिल्लू जेमतेम तोंड लावते. उपासामुळे लहान आतड्याच्या आतले, टॉवेलच्या धाग्यांसारखे उभे असलेले बारीक अंकुर आखूड होतात आणि शोषण घटते. मग भूक अनावर होऊन पिल्लू एकदम भरपूर खाते. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात जाऊन कुजतात, त्यातून अमोनियासारखी त्रासदायक द्रव्ये सुटतात. नेमक्या अशा वेळी ई. कोलाय जातीचे काही जंतू लहान आतड्याला चिकटतात आणि त्यांच्या विषाने आतड्यात पाणी सुटू लागते. तुमच्या शेडवर हगवण त्याच आठवड्यात दिसते, त्यामागे बहुधा हाच क्रम असावा.

आता चोथा. कोणत्याही डुकराच्या स्वतःच्या पाचकरसांना तो पचत नाही. पचवतात ते मोठ्या आतड्यातले जंतू. मोठ्या मादीचे मोठे आतडे प्रशस्त आणि जंतूंनी गजबजलेले असते, म्हणून गाभण मादीला चोथ्यातून बरीच ऊर्जा मिळते. पिल्लाकडे ती यंत्रणा अजून उभी राहायची असते. त्याचे पोट लहान, गरज मोठी. चोथ्याने पोट भरले की पोषण कमी पडते. पशुवैद्यकांचा सल्ला इथून येतो आणि तो योग्य आहे.

भावाचे म्हणणे समजायला चोथ्याचे दोन गट करावे लागतील. एक पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. इसबगोल भिजवून पाहिले की त्याची कल्पना येते. आतड्यातला माल यामुळे घट्ट, चिकट होतो, पुढे सरकायला वेळ लावतो आणि जंतूंना वाढायला निवांत जागा मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठात नुकतेच दूध तुटलेल्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत अशा चिकट पदार्थांनी ई. कोलायची वाढ बळावली, तर शिजवलेल्या भातावरची पिल्ले अधिक सुरक्षित राहिली. दुसरा गट न विरघळणारा : गव्हाचा कोंडा, ओटची टरफले. हा पाणी धरतो, माल पुढे ढकलतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी खाद्यात सुमारे ४ टक्के गव्हाचा कोंडा घातला, तेव्हा आतड्याला चिकटलेले ई. कोलाय कमी आढळले. जाडसर कोंड्याचा गुण बारीक दळलेल्यापेक्षा सरस ठरला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे पिल्लांसाठी म्हणून सगळेच पिठासारखे दळण्याकडे कल असतो.

युरोपला ही वाट शोधावी लागली, कारण जुने उपाय बंद झाले. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून थांबवले आणि जून २०२२ मध्ये हगवणीवरचा झिंक ऑक्साइडचा मोठा डोसही बंद केला. आपल्याकडे कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्योपयोगी जनावरांसाठी २०१९ पासून बंद आहे. माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी ते एक औषध आहे, तेव्हा ही बंदी मनापासून पाळायला हवी.

बुळबुळीत चोथा कायमचा वाईट, असे मात्र समजू नका. दोन-तीन आठवड्यांनी खाणे सुरळीत झाले की आंबणारा चोथा थोडा थोडा वाढवता येतो. मोठ्या आतड्यातले जंतू त्यापासून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात आणि तिथल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. जंतूंना चोथा मिळाला की प्रथिने कुजवण्याकडे त्यांचा ओढा कमी होतो. माणसाला कोंडा खायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. फक्त माणसाचा डॉक्टर सहसा तयार आतड्याच्या प्रौढाशी बोलत असतो.

तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे. कोकणात ‘कोंडा’ म्हटले की गिरणीतला भाताचा कोंडा येतो. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात. मूठभर घेऊन बोटांत चोळा : टोचणारे, चकाकणारे तुकडे लागले तर तो तूस. त्यात सिलिका भरपूर असते, पोषण जवळजवळ नसते. पिल्लांना तो नकोच. शुद्ध कोंडासुद्धा तेलकट असल्यामुळे लवकर खवट होतो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो. म्हणून पिल्लांसाठी ताजा, जाडसर गव्हाचा कोंडा घ्या. शंभर किलो खाद्यात तीन-चार किलो पुरे. पोत्यावरचा ‘क्रूड फायबर’चा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका, कारण आम्ल-अल्कलीत उकळण्याच्या त्या जुन्या चाचणीत विरघळणारा चोथा बहुतांशी मोजलाच जात नाही.

कोंड्याबरोबर प्रथिनेही जरा कमी करा; सोयाबीन पेंडीचा भडिमार पहिल्या दोन आठवड्यांत टाळा. दूध तोडण्याच्या आठवडाभर आधीपासून पिल्लांपुढे तेच खाद्य थोडे थोडे ठेवा, म्हणजे उपासाचे दिवस टळतील. आणि विष्ठेत रक्त दिसले, डोळे खोल गेले किंवा पिल्लू उठेनासे झाले, तर कोंडा बाजूला ठेवून मीठ-साखरेचे पाणी पाजत त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.