सांतो दोमिंगो येथील उपदेश

शास्त्रपाठ : योहान १:१९-२८

इ. स. १५११ च्या डिसेंबरांत, नाताळापूर्वींच्या रविवारीं, हिस्पानिओला बेटावरील सांतो दोमिंगोच्या मंदिरांत आन्तोनिओ मोन्तेसिनोस नामक दोमिनिकन संन्यासी उपदेशास उभा राहिला. समोर स्पॅनिश जमीनदार व खुद्द गव्हर्नर दिएगो कोलंबस बसले होते. अरण्यांतील वाणीचें वचन घेऊन त्यानें विचारलें कीं, ह्या बेटाच्या मूळ रहिवाशांस सोन्याच्या खाणींत राबवून मारण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? तीं माणसें नव्हत काय?

श्रोते चिडून मठाच्या दारीं गेले. पुढील रविवारीं तो शब्द मागें घेईल म्हणून मंदिर भरलें. त्यानें तेंच अधिक कडक शब्दांत सांगितलें.

तो रोमी मंडळीचा होता खरा. पण धडा आमच्यासाठींही आहे. तो उपदेश एकट्याचा नव्हता. मठांतील सर्व बंधूंनीं मिळून तो लिहिला व त्यावर सह्या केल्या होत्या. आमच्या खेड्यांत मात्र प्रभुभोजनाच्या पंक्तींतील जुन्या जातिभेदाविषयीं उपदेशक बोलला, आणि पंच रागावले, कीं बाकीचे सर्व खालीं पाहतात!

हा वृत्तांत लिहून ठेवणारा पाद्री बार्तोलोमे दे लास कासास तेव्हां स्वतःच असे वेठीचे मजूर बाळगून होता. त्यानें ते १५१४ सालीं सोडून दिले.